१३ डिसेंबरला घरी सांता लुचिया कसा करायचा: खपली गहू, रिकोटा आणि एक दिवस ब्रेड-पास्ता बंद

डिसेंबर लागला की पुण्याच्या कॅम्पात केकसाठी गर्दी सुरू होते आणि मग कोणी ना कोणी विचारतंच की घरी इटालियन ख्रिसमसचं काहीतरी करायचंय, पॅनेटोने (तिकडचा फुगलेला गोड ख्रिसमस ब्रेड) जमेल का. माझं मत विचाराल तर पॅनेटोनेच्या मागे लागू नका, त्याला जिवंत आंबवण सांभाळावं लागतं, पीठ दोन-दोन दिवस फुगवत बसावं लागतं आणि ते मिलानचं काम आहे. त्यापेक्षा १३ डिसेंबर धरा, इटलीच्या सिसिली बेटावरचा सांता लुचियाचा दिवस, त्याचं जवळजवळ सगळं सामान मंडईत आणि भुसार दुकानात मिळतं.

लुचिया ही सिराकुसा शहराची संत, इसवी सन ३०४ च्या सुमाराला तिला मारलं असं परंपरा सांगते, आणि डोळ्यांच्या दुखण्यासाठी लोक तिला साकडं घालतात. सिराकुसात १३ तारखेला तिची चांदीची मूर्ती मिरवणुकीने निघते आणि २० तारखेला परत येते. खाण्याची गोष्ट मात्र दुष्काळाची आहे. १६४६ मध्ये सिसिलीत लोक उपाशी मरत होते आणि म्हणतात की नेमकं तिच्या दिवशी गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं, लोकांना इतकी भूक की दळायलासुद्धा थांबले नाहीत, गहू तसाच उकडून खाल्ला. जहाज पालेर्मोला लागलं की सिराकुसाला यावर दोन्ही शहरं आपापला हक्क सांगतात. तेव्हापासून पालेर्मोत त्या दिवशी दळलेला गहू खायचा नाही, म्हणजे ब्रेड नाही पास्ता नाही, आपल्याकडे उपासाला धान्य चालत नाही तसंच. म्हणून माझं सांगणं आहे की पदार्थांच्या आधी हा नियम पाळा, त्या दिवशी पोळी आणि पावही नको, नाहीतर नुसतं एक गोड केल्यासारखं होतं.

मुख्य पदार्थ कुच्चिया, म्हणजे गोड रिकोटात मिसळलेला उकडलेला गहू. २०० ग्रॅम खपली गहू घ्या. खिरीसाठी सडलेला, म्हणजे कांडून कोंडा काढलेला मिळतो तो घेतला तर एक रात्र भिजवून पुरतं, अख्खा न सडलेला असेल तर सिसिलीत करतात तसा तीन दिवस भिजवा, म्हणजे १० तारखेलाच घालायचा, आणि पाणी रोज बदला. पुण्यात डिसेंबरातही दुपारी ऊन तापतं त्यामुळे दुपारी भांडं फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं. मग चिमूटभर मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या आणि नंतर बारीक गॅसवर वीसेक मिनिटं. दाणा बोटांनी दाबून बघा, मधे पांढरा टणक ठिपका राहिला असेल तर अजून शिजवा, पण गरगट करू नका, दाणा दाताखाली लागला पाहिजे. चाळणीत उपसून पूर्ण निथळू द्या आणि पूर्ण गार होऊ द्या, इथे घाई केली की पुढे सगळं पातळ होतं.

रिकोटा म्हणजे मऊ ताजं चीज, तिकडे ते मेंढीच्या दुधाच्या निवळीपासून करतात, आपण गाईच्या दुधाचा करू. दोन लिटर फुल फॅट दूध तापवा, उकळी फुटायच्या जरा आधी गॅस बंद, तीन-चार चमचे लिंबाचा रस घालून एकदाच हलकं ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग मलमलच्या कापडात तासभर टांगा, पनीरसारखं वजन अजिबात ठेवायचं नाही, ओलसर आणि मऊच राहिला पाहिजे. आता यात दीडशे ग्रॅमच्या आत पिठीसाखर घालून पुरणाच्या बारीक चाळणीतून घासून काढा, ही पायरी खरंच गाळू नका, चाळणीखाली जे क्रीम पडतं त्याला कण राहत नाही आणि गव्हाच्या दाण्याला ते छान चिकटून बसतं. कापडातून निथळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या कणकेला वापरा.

त्यात सिसिलीत साखरेत मुरवलेला भोपळा घालतात. त्यासाठी आपला कोरडा पांढरा पेठा आणा, तोही कोहळ्याचाच, बारीक तुकडे करा, फक्त केशर-गुलाबवाला नको. टुटीफ्रुटी मला यात आवडत नाही, नुसता रंग येतो. संत्र्याची साल दोनदा पाण्यात उकळून, ते पाणी टाकून, मग साखरेच्या पाकात शिजवली की कडवटपणा जातो. डार्क चॉकलेटचे तुकडे, दालचिनी पावडर, वर पिस्ते. गहू सगळ्यात शेवटी मिसळा आणि दोन तास फ्रिजमध्ये.

तिखटामिठाला पानेल्ले, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या वड्या, हे तर पाटवडी येणाऱ्या कोणालाही जमेल. पाव किलो बेसन, पाऊण लिटर पाणी, मीठ, गुठळ्या मोडून मग गॅसवर सतत ढवळत कडेने सुटेपर्यंत शिजवायचं, पार्सली नसेल तर कोथिंबीर, आणि गरम असतानाच तेल लावलेल्या ताटाच्या पाठीवर पातळ पसरायचं. गार झाल्यावर कापून तळा, वर लिंबू. हळद, हिंग, मोहरी काही नको. एरवी पालेर्मोत हे पावात घालून खातात, त्या दिवशी नुसतेच.

आरांचिने म्हणजे भाताचे तळलेले गोळे. इंद्रायणी घ्या, बासमतीचा गोळा वळत नाही. केशर आणि लोणी घालून भात जरा घट्टच शिजवा, ताटात पसरून गार करा, आत मटार आणि चीज. बाहेर ब्रेडक्रम्ब लावायचा मोह होईल पण तो गहूच आहे, तांदळाचा रवा लावा.

कुच्चिया फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. शिजवलेला गहू उरला असेल तर रिकोटा न घालता फ्रीझरमध्ये टाका, ईस्टरला नेपल्सचा पास्तिएरा हा गोड टार्ट त्याच उकडलेल्या गव्हाचा होतो, दूध, रिकोटा, अंडी आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून, आणि तो गुरुवारी-शुक्रवारी भाजून रविवारी कापतात कारण मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही.