ॲक्सेप्टन्स टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट उभारताना या चुका टाळा

ॲक्सेप्टन्स टेस्ट म्हणजे वापरणाऱ्याला हवं तसं ॲप चालतंय का, हे ब्राउझर आपोआप चालवून बघणारी तपासणी; पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. टेस्ट लाल झाली की आमच्या टीममध्ये लॉग (काय घडलं त्याची नोंद) कुणी उघडायचं नाही. 'रीरन' दाबायचं, चहा घेऊन यायचा, परत आल्यावर हिरवी दिसली की कोड मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील. पतसंस्थांसाठीचं वेब ॲप्लिकेशन होतं, सगळे स्क्रीन मराठीत. एकदा मुदत ठेवीच्या व्याजाची टेस्ट तीनदा रीरन करूनही लाल राहिली, तर आम्ही 'ती तशीच आहे' म्हणून वगळून टाकली. व्याज खरंच चुकत होतं. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

मग दोन आठवडे बसून जुन्या लाल टेस्ट एकेक करून तपासल्या. बहुतेक ठिकाणी दुखणं निघालं ते टेस्ट जिथे चालत होती त्या एन्व्हायर्नमेंटचं (सर्व्हर, डेटाबेस, ब्राउझर वगैरे मांडणीचं), आणि आम्ही इतके दिवस टेस्टचा कोड खरवडत बसलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

स्लीप टाकून वेळ मारून नेणं

बटण सापडत नाही? टाका तीन सेकंदांचा स्लीप, म्हणजे ठरलेला थांबा. २०० टेस्ट, प्रत्येकीत असे तीन स्लीप धरले तर नुसतं झोपण्यात ३० मिनिटं जातात. एवढं करून सीआयचं (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारं) मशीन एखाद्या दिवशी रखडलं की चौथ्या सेकंदाला येणारं बटण हुकतंच. थांबायचं ते काहीतरी घडेपर्यंत: यादी भरली, पावती क्रमांक उमटला, 'कृपया थांबा' गेलं. सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या साधनात त्यासाठी एक्सप्लिसिट वेट (ठरावीक गोष्ट घडेपर्यंत थांबणं) आहे. त्याच्या जोडीला इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना आपोआप थांबणं) लावू नका. दोन्ही एकत्र आले की टाइमआउट नेमका कधी होईल याचा भरवसा उरत नाही.

प्लेराइट हे त्याच कामाचं दुसरं साधन क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, डिसेबल तर नाही ना, हे स्वतःच पाहतं. म्हणून नवखे लोक निर्धास्त होतात आणि 'इझ व्हिजिबल' वापरतात. ते वाट बघत नाही, त्या क्षणी दिसतंय की नाही एवढंच सांगून मोकळं होतं. वाट बघतं ते 'एक्स्पेक्ट'सोबतचं 'टू बी व्हिजिबल', डीफॉल्ट ५ सेकंद. त्याच्या आधी 'अवेट' ('हे पुरं होईपर्यंत थांब' सांगणारा शब्द) लिहायला विसरलात तर तपासणी पुरी होण्याआधीच टेस्ट हिरवी होऊन जाऊ शकते. लाल टेस्टपेक्षा मला या हिरव्या टेस्टची जास्त भीती वाटते.

कंटेनर उठला म्हणजे डेटाबेस तयार, हा समज

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली डबी. असे अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोजमध्ये 'डिपेंड्स ऑन' लिहिलं की डेटाबेस तयार झाल्यावरच ॲप्लिकेशन सुरू होईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. साध्या रूपात तो फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट बघतो. हेल्थचेक (सेवा खरंच तयार आहे का, ते विचारणारी तपासणी) लिहा आणि 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घाला.

इथे एक खाच आहे, तिने आमचा अख्खा दिवस खाल्ला. पोस्टग्रेस या डेटाबेसची अधिकृत इमेज (कंटेनर बनवायचा साचा) कोऱ्या डेटावर पहिल्यांदा उठताना आधी एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर आणते. तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर (नेटवर्क नव्हे, त्याच मशीनच्या आतल्या वाटेवर) ऐकत असतो. हेल्थचेकमधलं 'पीजी इझ रेडी' होस्ट (कुठल्या पत्त्यावर विचारायचं) न देता लिहिलं असेल तर तेही सॉकेटवरच विचारतं आणि 'तयार' असं उत्तर मिळतं. पुढच्याच सेकंदाला कनेक्शन तुटतं. होस्ट म्हणून लोकलहोस्ट द्या, मग विचारणा सॉकेटऐवजी नेटवर्कवरून होते आणि प्रश्न मिटतो.

एकाच खात्यावर सगळ्यांचा व्यवहार

'टेस्ट युजर १' नावाचं एक खातं आणि त्यात २०० टेस्ट पैसे भरतायत, काढतायत. एकापाठोपाठ चालवल्या तर चालतं. समांतर चालवायला घेतलं की शिल्लक जुळत नाही. प्रत्येक टेस्टने आपला सभासद, आपलं खातं स्वतः तयार करावं, तेही शक्यतो एपीआयमधून (स्क्रीन न वापरता थेट सर्व्हरला सांगून). फॉर्म भरून खातं उघडायची टेस्ट एक असली की पुरे.

युनिट टेस्टची (कोडचे छोटे तुकडे तपासण्याची) सवय असलेले म्हणतात, डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडू आणि शेवटी रोलबॅक करू, म्हणजे सगळे बदल मागे घेऊ. ब्राउझरवाल्या टेस्टमध्ये ते सहसा जमत नाही. ब्राउझर ज्या सर्व्हरशी बोलतो त्याचं डेटाबेस कनेक्शन वेगळं. तुमच्या ट्रान्झॅक्शनमधला कमिट (पक्का) न झालेला सभासद त्याला दिसणारच नाही.

ब्राउझरच्या कुरबुरी

या लवकर सुटतात. डॉकरमध्ये क्रोमचा टॅब मधेच मरत असेल तर आधी शेअर्ड मेमरी बघा. डीफॉल्ट ६४ एमबी असते, जड पानांना पुरत नाही. २ जीबी करा. 'सेशन नॉट क्रिएटेड' दिसलं तर क्रोम आणि क्रोमड्रायव्हर (टेस्टच्या आज्ञा क्रोमपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) यांची आवृत्ती ताडून पाहा. क्रोम ११५ पासून ड्रायव्हर 'क्रोम फॉर टेस्टिंग'सोबत मिळतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावरून तो उतरवणाऱ्या स्क्रिप्ट तिथेच अडकतात. सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर जुळणारा ड्रायव्हर स्वतः शोधून आणतो, तेव्हा ती स्क्रिप्ट काढूनच टाका.

मराठी स्क्रीन, परदेशी सर्व्हर

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. सीआयवरच्या स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन होते, कारण कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो किंवा लोहितचं पॅकेज इमेजमध्ये टाकलं की चौकोन जातात. मात्र डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एक फॉन्ट आणि सीआयवर दुसरा असेल तर ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात, आणि स्क्रीनशॉटची तुलना करणाऱ्या टेस्ट रोज फुटतात. मूळ चित्रंही त्याच कंटेनरमध्ये काढा.

मग आकडे. जावास्क्रिप्टला मराठी लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) दिलं की रक्कम १२,३४,५६७ अशी देवनागरी अंकांत येते. टेस्टमध्ये इंग्रजी अंक लिहिलेले असले तर ती फुटणारच. ब्राउझरचं लोकॅल टेस्टच्या कॉन्फिगमध्ये ठरवून टाका, मशीनवर सोडू नका.

आणि 'शेतकऱ्याचे नाव'. टेस्टमध्ये हेच शब्द, स्क्रीनवर हेच शब्द, तरी मेळ बसेना. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य झीरो विड्थ जॉइनर वापरून. कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलते, डोळ्यांना फरक दिसत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची ठरलेली पद्धत) इथे कामाचं नाही. ते र अधिक नुक्ता यांचा ऱ करतं, जॉइनरवालं रूप आहे तसंच ठेवतं. आम्ही तुलनेआधी दोन्ही रूपं एकसारखी करणारं छोटं फंक्शन लिहिलं, आणि बटणं शोधायला मराठी मजकुराऐवजी टेस्ट आयडी (टेस्टसाठी बटणाला दिलेलं वेगळं नाव) वापरायला लागलो.

शेवटी घड्याळ. आपली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. रात्री २ चा बिल्ड (टेस्टची आपोआप फेरी) चालतो तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे ८:३० असतात. सर्व्हर यूटीसीवर असेल तर 'आजची पावती' शोधणारी टेस्ट पहाटे ५:३० पर्यंत लाल, नंतर आपोआप हिरवी! ३१ मार्चच्या रात्री तर आर्थिक वर्षच बदलतं. सर्व्हर, डेटाबेस, ब्राउझर, टेस्ट चालवणारं मशीन, चौघांनाही 'एशिया/कोलकाता' स्पष्ट लिहून द्या.

पुरावा न ठेवता रीट्राय

रीट्राय (नापास टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) चालू ठेवायला हरकत नाही, पण दुसऱ्या फेरीत पास झालेली टेस्ट वेगळी मोजा; प्लेराइट तिला 'फ्लेकी' (बेभरवशाची) असा शिक्का मारतंच. ट्रेसची (टेस्टच्या पावलापावलाच्या नोंदीची) सेटिंग 'ऑन फर्स्ट रीट्राय', म्हणजे पहिल्या रीट्रायलाच नोंदवा, अशी असेल आणि रीट्राय शून्य असतील तर ट्रेस कधीच मिळणार नाही. तिथे 'रिटेन ऑन फेल्युअर' (नापास झाली तर नोंद जपा) ठेवा, सोबत सर्व्हरचा त्या वेळचा लॉग जोडा. संशयित टेस्ट एकटी ५० वेळा चालवा. एकटी नेहमी हिरवी आणि घोळक्यात लाल, तर आधी डेटा बघा. एकटीही मधूनच लाल होत असेल तर वेट बघा. आणि फक्त रात्रीच लाल होत असेल, तर कुठे बघायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.