शिकवलेला सेटर टिकवायचा असेल तर

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एचआरला नव्यानं लागलात, नाहीतर घरचं मशीन शॉप हातात घेतलंत, की पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं: "पोरं शिकवायची आपण आणि न्यायची चाकणवाल्यांनी." यात अर्धंच खरं आहे. शिकल्यावरही पोरगं त्याच मशीनवर, त्याच पगारात जॉब (घडवायचा भाग) लावत-काढत राहतं, आणि मग जातं.

सगळे अडकतात ते इथंच. सीएनसी (संगणकी कंट्रोलच्या मशीनवरच्या) ऑपरेटरला सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणं, शिकवायला घेतलं; हे करतो तो सेटर. जॉ बोअर करणं (जॉब धरणारे जबडे मापात कापणं), टूल ऑफसेट घेणं (टूलची जागा कंट्रोलला सांगणं), पहिला पीस मोजणं त्याला जमायला लागलं. मग साहेब म्हणतात, "एप्रिलच्या पगारवाढीत बघू." तोवर दुसरीकडून सेटरच्या पगाराचा फोन आलेला असतो. किंमत वाढवली तुम्ही, मोजायला मोकळा दुसरा! म्हणून शिकवायच्या आधीच कागदावर लिहा: कुठली कामं एकट्यानं जमली की ग्रेड बदलणार, किती रुपये वाढणार, कुठल्या महिन्याच्या पगारात दिसणार. टेस्ट पास झाला की लगेच पुढच्या पगारात. तेवढी तरतूद नसेल तर बॅच पुढे ढकला. अर्धवट शब्द देण्यापेक्षा ते बरं.

टेस्ट तोंडी नको. फॅनुक कंट्रोलच्या लेथवर ३०.०० च्या व्यासाला ३०.०४ येतंय आणि एक्सच्या वेअरमध्ये (टूल झिजल्यावर व्यासाच्या मापात भरायची दुरुस्ती) आधीच -०.१२ आहे, असा जॉब द्या. पोरानं -०.०४ टाकून नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसला जातो आणि पुढचा पीस ३०.१२ येतो. 'प्लस इनपुट' दाबलं तर वेअर -०.१६ होतं, माप बसतं. हे ज्याला कारणासकट सांगता येतं त्याच्यावर नाईट शिफ्ट सोडायला हरकत नाही.

शिकवणारा जुना सेटर हातचं राखतो, कारण त्याला स्वतःच्या जागेची भीती असते. त्याला दोष देऊ नका. पास झालेल्या प्रत्येक पोरामागे भत्ता द्या. बाहेरून मोटिव्हेशनचे स्पीकर आणण्यापेक्षा त्या पैशात दोन चांगले मायक्रोमीटर येतात, हे माझं ठाम मत. आणि ट्रेनिंग शिफ्ट सुटल्यावर ठेवू नका. करवीर-पन्हाळ्याकडच्या पोरांना संध्याकाळी धारा काढायच्या असतात. शिफ्टचा पहिला तास द्या, सरावाला रिजेक्ट कास्टिंग वापरा.

बाँडचा, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलंस तर पैसे भर असं लिहून घ्यायचा, शॉर्टकट सगळ्यांना सुचतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, हे खरं. पण ते प्रकरण बँक अधिकाऱ्याचं होतं. आठवडाभराच्या शॉप फ्लोअर ट्रेनिंगला तसलाच आकडा लावाल तर करार कायद्याचं कलम ७४ आडवं येतं. भरपाई वाजवीच मिळते. मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवायचा उद्योग तर अजिबात करू नका. आयटीआयच्या पोरांत बातमी पसरते आणि पुढच्या भरतीला कोणी फिरकत नाही.

तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारकच आहे. त्यांना झाडू मारायला न लावता याच ग्रेडच्या कागदावर आणा.

एवढं करूनही काही जण जाणारच, मनाला लावून घेऊ नका. हिशेब वेळेत चुकता करा, अनुभवपत्र द्या. खोलीभाडं आणि मेस वजा जाता चाकणला हातात काय उरतं ते कळल्यावर एखादा परत फोन करतो. घ्या त्याला, पण टेस्ट नव्यानं घेऊन, आणि बसेल त्या ग्रेडवर.