नाकाला टाका घालण्याआधी आत बघा

कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगला पहिल्यांदाच उभं राहणाऱ्या इंटर्न्ससाठी हे लिहिते आहे. पुण्यात पावसाळ्यात गाडी घसरून आलेले पेशंट रोज दिसतील, आणि तोंडावर आपटलं की पहिला मार बहुतेक नाकालाच बसतो.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात ६ वर्षांचा एक मुलगा आला. बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा होता, करकचून ब्रेक लागला आणि नाक हँडलवर आदळलं. उजव्या नाकपुडीची कड चिरली होती. मी जखम सलाईनने धुतली, भूल दिली, ६-० नायलॉनचे (म्हणजे अगदी बारीक धाग्याचे) चार टाके घातले. पहिला टाका कडेलाच घातला, कारण कड मिलीमीटरभर सरकली तरी ते आयुष्यभर दिसतं. पण नाकाच्या आत उजेड टाकून मी बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी आई त्याला घेऊन आली. अंगात ताप, दोन्ही नाकपुड्या बंद, पोरगं तोंडाने श्वास घेत होतं. ईएनटीच्या (कान-नाक-घसा विभागाच्या) मॅडमनी नाक उघडून मला जवळ बोलावलं. मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पिकल्या जांभळासारखे गुळगुळीत फुगवटे होते. साचलेल्या रक्ताचा पू झाला होता.

पडद्यातल्या कूर्चेला (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या आवरणातून होतं. दोन्हींच्या मध्ये रक्त साचलं की आवरण सुटतं आणि तीन-चार दिवसांत कूर्चा मरायला लागते. मग नाक खोगिरासारखं खचतं. त्या मुलाचा पू त्याच दुपारी काढला, तरी वर्षभराने तो तपासणीला आला तेव्हा नाकाच्या मधोमध बोट टेकेल एवढा खळगा होता.

म्हणून नाकाचं टोक अंगठ्याने वर उचला, हेडलाइट लावा, गुठळ्या सक्शनने काढा आणि दोन्ही बाजू बघा. कापसाच्या काडीने पडदा हलकेच दाबा. निकोप पडदा टणक लागतो, रक्त साचलेला मऊ लागतो आणि दबतो. ऑक्सीमेटाझोलिनचे, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब टाकूनही ती सूज ओसरत नाही. असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, ईएनटीच्या रेसिडेंटला रात्रीच उठवा. नाकातून पाण्यासारखं स्वच्छ काही गळत असेल तर कवटीच्या तळाला इजा असू शकते. अशा नाकात बोळा कोंबू नका, वरिष्ठांना बोलवा.

अर्थात सगळ्यांत आधी श्वास, मान आणि रक्तस्राव बघायचा. नातेवाईक बहुधा पेशंटची मान मागे करून कांदा हुंगवत असतात. मान पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं चिमटीत धरा. मध्येच सोडून बघू नका. जखमेत रस्त्यावरची खडी किंवा डांबर असेल तर कण न् कण काढा, नाहीतर कातडीखाली काळा डाग कायमचा राहतो. जखम आरपार असेल तर आधी आतलं अस्तर विरघळणाऱ्या धाग्याने शिवा, मग कातडी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, हे विचाराच.

कुत्र्याचा चावा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. कातडी फाटलेला चेहऱ्यावरचा चावा रेबीजच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या श्रेणीतच धरायचा. म्हणजे लस तर हवीच, शिवाय इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) जखमेत आणि भोवती द्यायचं. टाके शक्यतो लांबवा. घालावेच लागले तर इम्युनोग्लोब्युलिननंतर, तेही सैल.

नाकाचा तुकडाच तुटला असेल तर तो सलाईनच्या गॉझमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून प्लास्टिक सर्जनकडे पाठवा. नाक नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्या गावाशी जोडलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकीकत छापून आली आणि युरोपातले सर्जन ही पद्धत शिकू लागले.

टाके साधारण पाचव्या दिवशी काढा, पण पेशंटला त्याआधी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पडदा बघायला बोलवा, कारण रक्त नंतरही साचू शकतं. घरी पाठवताना मराठीत कागदावर लिहून द्या: नाक बंद वाटलं, दुखणं वाढलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी परत या. आई-बाबांकडून ते एकदा वाचूनही घ्या.