स्पॉटिंग एरर्स: मराठी कान आणि इंग्रजी वाक्य

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत नव्याने बसणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या टियर १ मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे. चुकलं की अर्धा गुण जातो. 'स्पॉटिंग एरर्स' म्हणजे दिलेल्या वाक्याच्या कोणत्या भागात चूक आहे ते ओळखायचं, चूक नसेल तर 'नो एरर' निवडायचं.

बहुतेक जण वाक्य मनात म्हणून बघतात आणि जिथे खटकतं तिथे खूण करतात. पण आपला कान मराठीवर तयार झालेला. 'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' त्याला खटकतच नाही, कारण आपण 'प्रश्नाबद्दल' चर्चा करतो. इथे 'अबाउट' नको. जरी-तरीच्या सवयीने 'ऑल्दो' नंतर 'बट' येतो, तोही काढायचा. 'सिन्स फाइव्ह इयर्स' तर पुण्यात सर्रास ऐकू येतं. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'.

म्हणून आधी क्रियापद शोधा, मग त्याचा खरा कर्ता. 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हॅव बीन डिस्प्लेड' यात 'ऑफ कँडिडेट्स' बोटाने झाका. उरतं 'लिस्ट', म्हणून 'हॅज'. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. मात्र 'वन ऑफ द बॉइज हू' आलं की 'हू' नंतरचं क्रियापद अनेकवचनी, कारण तो 'हू' मुलांकडे बोट दाखवतो. हुशार मुलंही इथेच फसतात.

त्यानंतर काळ. 'येस्टरडे', 'अगो' किंवा '२०१९ मध्ये' असं ठरावीक वेळ सांगणारं काही दिसलं की 'हॅज गॉन' चालत नाही, 'वेंट' हवं.

'अ' की 'अ‍ॅन' हे उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. इथे देवनागरी कामी येते: शब्द देवनागरीत लिहा, पहिलं अक्षर स्वर असेल तर 'अ‍ॅन'. अ‍ॅन एमपीएससी एक्झाम, अ पीएमपीएमएल बस, अ युनिव्हर्सिटी, अ‍ॅन अवर.

एवढं तपासूनही काही सापडलं नाही, तरच 'नो एरर'. हे वाक्य जास्त चांगलं लिहिता आलं असतं, असं वाटलं म्हणून ते चूक ठरत नाही.

सरावाच्या वहीत फक्त उत्तराचा क्रमांक लिहू नका. चुकीचं वाक्य, दुरुस्त वाक्य आणि चूक कोणत्या प्रकारची, तिन्ही लिहा. परीक्षेत अर्ध्या मिनिटात चूक दिसली नाही, तर पुढे जा. दोन पर्याय नक्की बाद झाले असतील तर उरलेल्यांतला एक निवडा. बरोबर आला तर दोन गुण आहेत.