अर्ध्यात तुटणारं काम: बिझनेस सॉफ्टवेअर मोबाइलवर आणताना

ऑफिसमधलं सॉफ्टवेअर मोबाइलवर आणायच्या प्रोजेक्टवर नव्याने आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेटिव्ह (अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळं) लिहायचं, की फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांसारखं, एकाच कोडवर दोन्हीकडे चालणारं फ्रेमवर्क घ्यायचं? विचारायला हरकत नाही, पण तो इतक्या लवकर येऊ नये. गोदामातला साठा, यंत्रांची तपासणी, दुरुस्तीच्या नोंदी, मंजुऱ्या अशी ॲप्स मी बरीच वर्षं करतेय आणि फ्रेमवर्कमुळे बुडालेले प्रोजेक्ट फार कमी पाहिलेत. बुडतात ते एका गृहीतकापायी. डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर असं धरून चालतं की माणूस खुर्चीत बसलाय, नेटवर्क चालू आहे आणि हातातलं काम संपवूनच तो उठेल. मोबाइलवर यातलं काहीही धरून चालता येत नाही. फोन वाजतो, सिग्नल जातो, कोणीतरी हाक मारतं, बॅटरी संपते. काम अर्ध्यात तुटणं हीच तिथली नेहमीची स्थिती. नवख्यांचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे स्क्रीन लहान केली की झालं. रिस्पॉन्सिव्ह डिझाइन (स्क्रीनच्या आकाराप्रमाणे बदलणारी मांडणी) ही संज्ञा २०१० साली आली आणि तिने मांडणीचा प्रश्न बराचसा सोडवलाही. पण दुरुस्तीच्या नोंदीचा सहा टॅबचा फॉर्म एका उभ्या रांगेत आणला, तर तो फक्त लांबलचक फॉर्म होतो. यंत्रासमोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला चारच गोष्टी हव्या असतात: यंत्र कोणतं, काय तपासायचं, काय आढळलं आणि एक फोटो. तारीख, वेळ, त्याचं नाव हे फोनला आधीच माहीत असतं आणि यंत्राचा क्रमांक क्यूआर कोडवरून मिळतो. त्यामुळे रिक्वायरमेंटचा कागद वाचण्याआधी ते काम प्रत्यक्ष चालू असताना बघून या. हातमोजे घातलेत का, दुसऱ्या हातात काय असतं, ऊन स्क्रीनवर पडतं का, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ॲपल बटणासाठी किमान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं), पण हातमोज्यांसाठी तेही अपुरं पडतं.

मॅनेजर मंडळी ‘सगळी फीचर्स हवीत’ म्हणतातच. तिथे वाद घालण्यापेक्षा सर्व्हरचे लॉग काढून कोणती स्क्रीन कोण उघडतं ते दाखवावं. महिनाअखेरचे रिपोर्ट, मास्टर डेटा, एकगठ्ठा बदल हे सगळं डेस्कटॉपवरच राहू द्या.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण अँड्रॉइडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतं. वापरणारा तपासणीचा फॉर्म अर्धा भरतो आणि फोटोचं बटण दाबतो. कॅमेऱ्याचं ॲप उघडतं, त्याला भरपूर मेमरी लागते. आपलं ॲप आता मागे गेलेलं असल्यामुळे कमी मेमरीच्या फोनवर सिस्टिम त्याची प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेला प्रोग्राम, बंद करून टाकते. फोटो काढून माणूस परत येतो, सिस्टिम ती स्क्रीन नव्याने उभी करते, पण मेमरीत ठेवलेलं सगळं गेलेलं असतं. फोटो आहे, फॉर्म कोरा. तक्रार येते ती ‘ॲपने माझं लिहिलेलं खाल्लं’ अशी, आणि टेस्टिंगच्या टेबलावरच्या महागड्या फोनवर ती काही केल्या दिसत नाही.

डेव्हलपर ऑप्शन्समधली ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ ही, सोडलेली स्क्रीन लगेच मोडणारी सेटिंग चालू केली की हा प्रकार अर्धाच तपासला जातो, कारण तिथे प्रोसेस जिवंत राहते आणि स्टॅटिक व्हेरिएबलमधली (प्रोसेस असेपर्यंत टिकणारी) माहितीही शाबूत राहते. खरी परीक्षा घ्यायची तर ॲप मागे टाका, एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं साधन) ‘एएम किल’ची कमांड देऊन प्रोसेस मारा आणि अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून परत या. उपाय म्हणून कोणी सगळा फॉर्म सेव्ह्ड इन्स्टन्स स्टेटमध्ये (स्क्रीन पुन्हा उभी करताना सिस्टिम जी माहिती परत देते तिच्यात) कोंबतं. ती जागा चिमूटभर माहितीसाठी आहे. तिच्यामागच्या बाइंडर ट्रान्झॅक्शनच्या (अँड्रॉइडमधल्या प्रोसेसच्या आपापसातल्या देवाणघेवाणीच्या) बफरला सुमारे १ एमबीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की ॲप क्रॅश होतं. सरळ मार्ग असा, की प्रत्येक फील्ड भरलं की ते फोनवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ड्राफ्ट म्हणून लिहायचं. ‘सेव्ह’ या बटणाचा डेस्कटॉपवरचा अर्थ इथे सोडून द्यावा लागतो. सेव्ह सततच होत असतं, बटण फक्त ‘माझं झालं, पाठवा’ एवढंच सांगतं.

पाठवणं हा मात्र स्वतंत्र प्रांत आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. ‘आता नेटवर्क सगळीकडे असतं’ असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. तळघर, लिफ्ट, पत्र्याचं गोदाम, जाड भिंतींची इमारत, अशा ठिकाणी ते नसतं. तरी नेटवर्क अजिबात नसणं परवडलं, कारण तेव्हा ॲपला निदान कळतं तरी. खरी डोकेदुखी अर्धवट नेटवर्कची. सिग्नलच्या दांड्या दिसतायत, रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचते, नोंद होते आणि उत्तर वाटेतच हरवतं. ॲपला वाटतं फसलं. माणूस पुन्हा दाबतो. एकाच सुट्या भागाची मागणी दोनदा जाते आणि महिन्याभराने हिशेब जुळत नाही तेव्हा शोधाशोध सुरू होते.

यावर बटण थोडा वेळ बंद ठेवणं हा उपाय नाही. प्रत्येक कृतीला फोनवरच एक यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) द्यायचा, तो कृतीसोबत डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचा आणि पुन्हा पाठवताना तोच वापरायचा. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. हे सर्व्हरच्या टीमकडून पहिल्याच आठवड्यात कबूल करून घ्या. नंतर मागितलंत तर ‘पुढच्या रिलीजमध्ये बघू’ असं उत्तर मिळतं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोघांनी एकच नोंद बदलणं. ‘शेवटी आलेलं खरं’ हा नियम सोपा आहे, म्हणून सर्रास लावला जातो. तो कोणाचं तरी काम गुपचूप पुसतो. शिवाय ‘शेवटी’ म्हणजे कधी हे फोनच्या घड्याळावरून ठरवलं तर आणखी गोंधळ, कारण ते घड्याळ वापरणारा हवं तसं बदलू शकतो. नोंदीसोबत आवृत्तीचा क्रमांक ठेवा, तो जुळला नाही तर सर्व्हरने ४०९ (दोन बदलांची टक्कर झाल्याचं सांगणारा एचटीटीपी कोड) परत द्यावा. पुढे काय करायचं हे मात्र डेव्हलपरने एकट्याने ठरवू नये, धंदा ज्यांना कळतो त्यांना विचारावं. कधीकधी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला की भांडणच उरत नाही. साठ्याच्या ॲपमध्ये फोनने ‘आता ४० आहेत’ असं पाठवलं तर दोन फोनांचं पटणार नाही. ‘५ काढले’ असं पाठवलं तर दोघांच्या नोंदी एकामागून एक लागतात आणि आकडा बरोबर येतो. प्रत्यक्ष मोजदाद केली असेल तेव्हा मात्र ‘४० आहेत’ हेच पाठवावं लागतं, म्हणून या दोन वेगळ्या कृती ठेवायच्या. डिलीटचंही तसंच. नोंद खरोखर पुसून टाकली तर इतर फोनांना ती गेल्याचं कळणार कसं? पुसल्याची खूण काही काळ ठेवावी लागते.

‘मग बॅकग्राउंडला दर पाच मिनिटांनी सिंक करू’ ही सूचनाही ओघाने येतेच. फोन तुमच्या मालकीचा सर्व्हर नाही. अँड्रॉइडने ६.० मध्ये, म्हणजे २०१५ साली डोझ (फोन नुसता पडून असताना बॅकग्राउंडची कामं रोखून धरणारी सोय) आणलं, २०१७ च्या ८.० मध्ये बॅकग्राउंड सर्व्हिसवर आणखी बंधनं आली. अँड्रॉइडवर बॅकग्राउंडची कामं लावून देणाऱ्या वर्कमॅनेजरच्या आवर्ती कामाचा किमान अवकाश १५ मिनिटांचा आहे आणि तेही अगदी वेळेवर होईल याची हमी नाही. आयफोनवर तुमच्या ॲपला कधी उठवायचं हे सिस्टिम ठरवते, आणि वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केलं असेल तर बॅकग्राउंडमध्ये ते उठवतच नाही. म्हणून पुश नोटिफिकेशन ही फक्त चाहूल समजावी, माहिती तिच्या भरवशावर पाठवू नये. आणि ‘३ नोंदी पाठवायच्या बाकी’ अशी एक ओळ स्क्रीनवर कायम दिसू द्या. या एका ओळीने सपोर्टला येणारे फोन जेवढे कमी होतात, तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाहीत.

सुरक्षेबद्दल दोन टोकांचे गैरसमज दिसतात. एका बाजूला डेस्कटॉपचेच नियम जसेच्या तसे लावतात: दर पंधरा मिनिटांनी लॉगआउट, बारा अक्षरी पासवर्ड. लहानशा कीबोर्डवर ते दिवसभर टाइप करायला लावलं की माणसं पासवर्ड सोपा करतात किंवा फोनच्या मागे चिकटवतात. रिफ्रेश टोकन (पुन्हा पासवर्ड न मागता लॉगिन चालू ठेवणारी खूण) आयफोनच्या कीचेन किंवा अँड्रॉइडच्या कीस्टोअर या सुरक्षित साठ्यांच्या भरवशावर ठेवून ते बोटाच्या ठशाने उघडणं जास्त सुरक्षितही आहे आणि सुसह्यही. दुसऱ्या टोकाला, ॲप आपलंच आहे म्हणून लॉगिनचं पान ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये (ॲपमध्येच वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत) उघडतात. २०१७ च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजात हे करू नका, सिस्टिमचा ब्राउझर वापरा, असं स्पष्ट म्हटलंय. ॲपमध्ये लपवलेली गुप्त किल्ली गुप्त राहत नाही, आणि बटण लपवलं म्हणजे परवानगी काढून घेतली असं होत नाही. ती तपासणी सर्व्हरवरच हवी. एक बारीक गोष्ट: आयफोनवर ॲप काढून टाकलं तरी कीचेनमधल्या नोंदी मागे राहतात. सामायिक फोन असेल तर पहिल्यांदा उघडताना त्या साफ करा.

फोन कर्मचाऱ्याचा स्वतःचा असेल तर प्रश्न विश्वासाचा होतो. ‘कंपनी माझे फोटो बघेल का?’ ही भीती खरी असते. अँड्रॉइडवर ५.० पासून वर्क प्रोफाइल आहे, त्यातून कंपनीचा भाग वेगळा राहतो आणि गरज पडली तर तेवढाच पुसता येतो. हे पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगा, नाहीतर लोक ॲप टाकतच नाहीत.

रिलीजकडे वेबवरून आलेली मंडळी सवयीने बघतात: रात्री बदल चढवला, सकाळी सगळ्यांना नवं. इथे तसं नाही. वेबसाइटला नुसतं ॲपचं वेष्टन घातलं तर ॲपलच्या ४.२ या नियमावर बोट ठेवून ते परत पाठवलं जाऊ शकतं. फक्त कंपनीपुरतं ॲप सार्वजनिक स्टोअरवर टाकायची गरजही नसते. त्यासाठी ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेतून कस्टम ॲप आणि मॅनेज्ड गूगल प्ले हे रस्ते आहेत. एंटरप्राइझ सर्टिफिकेटकडे (स्टोअरशिवाय कंपनीतच ॲप वाटायची ॲपलची परवानगी) सोपी पळवाट म्हणून बघू नका. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या गैरवापरावरून ॲपलने फेसबुक आणि गूगल यांची सर्टिफिकेटं रद्द केली, तेव्हा त्या कंपन्यांची स्वतःची अंतर्गत ॲप्सही बंद पडली होती.

आणि जुन्या आवृत्त्या मरत नाहीत. आयफोनवर टप्प्याटप्प्याने रिलीज करायचं म्हटलं तरी सात दिवस जातात, त्यानंतरही कोणीतरी अपडेट बंद ठेवलेलं असतंच. म्हणून एपीआयमधलं (ॲप आणि सर्व्हरमधल्या ठरलेल्या देवाणघेवाणीतलं) फील्ड काढायचं नाही, त्याचा अर्थ बदलायचा नाही, नवं घालायचं. सर्व्हरने अनोळखी स्टेटस पाठवला तर ॲपने कोसळू नये. किमान आवृत्तीची तपासणी अगदी पहिल्या रिलीजमध्ये घाला, कारण ती नंतर घातली तर ज्या आवृत्त्यांना थांबवायचंय त्यांच्यात ती नसतेच. पण सक्तीचं अपडेट दाखवताना फोनवर न पाठवलेल्या नोंदी अडकल्या असतील तर आधी त्या घ्या. अपडेट जमेना म्हणून कोणी ॲप काढून परत टाकलं, तर दिवसभराचं काम गेलं म्हणून समजा.

राहिलं फ्रेमवर्क. २०१२ मध्ये फेसबुकने आयफोनचं ॲप नेटिव्ह केलं आणि एचटीएमएल५ वर, म्हणजे वेबपानांच्या तंत्रावर, जास्त भिस्त ठेवली ही आपली मोठी चूक होती असं मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर सांगितलं. ते उदाहरण अजूनही पुढे केलं जातं, पण तुमचा तपासणीचा फॉर्म म्हणजे फेसबुकची फीड नव्हे. त्यानंतर वेबही बदललंय. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपला आयफोनवर २०२३ पासून, आयओएस १६.४ मध्ये, पुश नोटिफिकेशन मिळू लागली. नोंदी भरायच्या बहुतेक ॲप्सना यातलं कुठलंही तंत्र चालतं. मी तीन प्रश्न विचारते: ब्लूटूथचा स्कॅनर किंवा तत्सम हार्डवेअर जोडायचंय का, टीमला काय येतं, आणि पाच वर्षांनी हे कोण सांभाळणार. तिसरा प्रश्न उगाच नाही. झॅमरिन या अशाच एका फ्रेमवर्कचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला बंद केला आणि त्यावर उभ्या असलेल्या ॲप्सना दुसरीकडे जावं लागलं. ‘एकच कोड’ म्हणजे एकदाच टेस्टिंग असंही नाही. कीबोर्ड, परवानग्या, बॅकग्राउंडचे नियम दोन्हीकडे वेगळेच राहतात. आयफोनचा दशांशाचा कीपॅड काही प्रदेशांच्या सेटिंगमध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम देतो, आणि मग १२,५ चे १२५ होतात.

या क्षेत्रात नुकतं पाऊल ठेवलं असेल तर आधी एका प्लॅटफॉर्मचा लाइफसायकल (ॲप कधी उघडतं, मागे जातं, बंद होतं) मुळापासून शिका, मग एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा आणि एचटीटीपी हे सर्व्हरशी बोलायचे नियम. एक जुना, संथ, मेमरी भरलेला फोन टेबलावर ठेवा आणि रोजचं काम त्यावरच तपासा. इंटरव्ह्यूमध्ये मी फ्रेमवर्कबद्दल फारसं विचारत नाही. विचारते ते एवढंच: ‘सबमिट दाबलं, तीस सेकंद झाली, उत्तर नाही. ॲपने आता काय करावं?’ बरेच जण ‘एरर दाखवू’ म्हणतात. ‘पण सर्व्हरवर नोंद झाली की नाही हे आपल्याला कुठे माहितीये?’ असा उलट प्रश्न ज्यांच्याकडून येतो, त्यांच्याशी पुढचा तासभर बोलायला मजा येते.