मेटामटेरियलमधून मेगावॅट काढताय? या चुका टाळा

मेटामटेरियल म्हणजे लहरीच्या लांबीपेक्षा लहान, पुन्हापुन्हा येणाऱ्या आकारांची रचना; तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून मोठ्या शक्तीच्या सूक्ष्मलहरी काढता येतात. संगणकावर रचना देखणी दिसते, नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (लहरींचा प्रतिसाद मोजणाऱ्या उपकरणावर) आलेखही जुळतो. मग झोत सोडला की भलतंच काहीतरी घडतं. बऱ्याच वेळा खोट धातूत नसते, झोताबद्दल आपण जे गृहीत धरलेलं असतं त्यात असते.

सुरुवात वेगापासून. ४९० किलोव्होल्टच्या झोताचा वेग गतिज ऊर्जेच्या शाळेतल्या सूत्राने काढून पाहा, प्रकाशवेगाच्या १.३८ पट येतो! सापेक्षतेचं सूत्र लावलं की ०.८६ पट. ही चूक निदान लगेच पकडली जाते. ५० किलोव्होल्टला मात्र ०.४१ ऐवजी ०.४४ येतो, कुणाला शंकाही येत नाही, आणि झोताची रेषा डिस्पर्शनच्या वक्राला (लहरीची वारंवारता आणि तरंगलांबी यांचं नातं दाखवणाऱ्या आलेखाला) चुकीच्या जागी छेदते.

दुसरी गोष्ट दिशेची. या रचनांत बहुधा उलटी लहर वापरतात, म्हणजे ऊर्जा इलेक्ट्रॉन गनच्या बाजूला परत येते. कपलर (शक्ती बाहेर काढणारा भाग) सवयीने कलेक्टरच्या, म्हणजे झोत जिथे संपतो त्या टोकाला बसवला, तर शक्ती तयार होऊनही तिथे फारशी हाती लागत नाही. आधी दोन्ही टोकांना मोजा.

साधनसामग्रीबद्दल थोडक्यात: २००० सालच्या सुमाराचे गाजलेले मेटामटेरियल प्रयोग सर्किट बोर्डावर झाले, पण तेवढ्यावरून आपण बोर्ड वापरू नये. झोताजवळचं इन्सुलेटर भारित होतं, निर्वातात वायू सोडतं, त्याच्या पृष्ठभागावरून ठिणगी सरकते. पूर्ण धातूचाच पत्रा घेऊन त्यात खाचा कापा.

आता झोताला वाटेवर ठेवणारं चुंबकीय क्षेत्र. इथे भलेभले फसतात. सिम्युलेशन लवकर आटपावं म्हणून क्षेत्र अवाढव्य ठेवतात. मग इलेक्ट्रॉन तारेवरच्या मण्यांसारखे सरळच धावतात आणि चेरेन्कोव्ह आंतरक्रियेपलीकडे (लहरीच्या वेगाने सोबत धावत तिला ऊर्जा देण्यापलीकडे) काही दिसत नाही. एमआयटीच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. ४९० किलोव्होल्ट, ८४ अँपिअरचा झोत, वारंवारता २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास. काही मेगावॅट शक्ती मिळाली ती क्षेत्र साधारण ७५० गॉसच्या खाली आणल्यावर. तिथे इलेक्ट्रॉन नागमोडी फिरत चेरेन्कोव्ह-सायक्लोट्रॉन प्रक्रियेने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या आपल्या फिरण्याचाही वाटा असलेल्या प्रक्रियेने, लहरीला ऊर्जा देत होते. तेव्हा खरं क्षेत्र घाला, ते पायरीपायरीने बदला, प्रत्येक पायरीला वारंवारता आणि मोड (रचनेतल्या लहरीचा आकृतिबंध) दोन्ही नोंदवा. वेळ लागेल, लागू द्या. झोताची शक्ती सुमारे ४१ मेगावॅट होती हेही लक्षात ठेवा. उरलेली ऊर्जा जाते कुठे, याचा हिशेब द्यावाच लागतो.

सूक्ष्मलहरींचा स्पंद (पल्स) अर्ध्यावर तुटतोय? नळी उघडून खाचांच्या कडा भिंगाखाली बघा. अनुनाद करणाऱ्या खाचेत विद्युतक्षेत्र एकवटतं आणि धारदार कडेला ते आणखी वाढतं. तिथे बारीक खड्डे असले तर ब्रेकडाउन झालाय, म्हणजे ठिणगी पडलीय, असं समजा आणि कडा गोल करा. आदर्श वाहक धरून केलेल्या सिम्युलेशनवरही विसंबू नका. २.४ गिगाहर्ट्‌झला प्रवाह तांब्याच्या जेमतेम १.३५ मायक्रोमीटर थरातून वाहतो, त्यामुळे खडबडीत पृष्ठभागाची किंमत चांगलीच मोजावी लागते. उष्णतेचं गणित मात्र स्पंदांवर ठरतं: १ मेगावॅटचे १ मायक्रोसेकंदाचे स्पंद सेकंदाला १० दिले तर सरासरी फक्त १० वॅट.

आणि हो, एवढ्या व्होल्टेजचे इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतातच, सूक्ष्मलहरी निघोत वा न निघोत. शिशाचं आवरण पहिल्या स्पंदाच्या आधी लागतं.