पेट्सी कंपाइल होत नव्हती तेव्हा

पीएचडीच्या पहिल्या सहामाहीत भूजलप्रवाहाच्या मॉडेलसाठी मला पेट्सी लागली. मोठमोठ्या समीकरणांच्या प्रणाली सोडवणारी ही लायब्ररी अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत उभी राहिली. कॉन्फिगर (कंपाइल करण्याआधी संगणकावरची साधनं तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं, तर पडद्यावर आलं की दिलेला सी कंपायलर (सी भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) सापडत नाही किंवा चालत नाही.

मी ते शब्दशः खरं मानलं. कंपायलर काढून पुन्हा टाकला, मग एमपीआय (अनेक प्रोसेसरांकडून एकत्र काम करून घेणारी लायब्ररी), मग दोन्ही. तीन दिवस गेले.

लॅबमधल्या एका सीनियर ताईंनी विचारलं, "कॉन्फिगर डॉट लॉग वाचलास का?" मी उघडलीच नव्हती. हजारो ओळींची फाइल बघूनच धास्ती वाटते, पण ती वाचायची असते शेवटाकडून वर. कॉन्फिगर एक चिमुकला प्रोग्राम लिहितो, कंपाइल करतो, लिंक करतो, चालवून बघतो. यातलं काहीही फसलं की तो निष्कर्ष काढतो, आणि पडद्यावर दिसतो तो फक्त निष्कर्ष. कारण लॉगमध्ये असतं : नेमकी कोणती आज्ञा चालली आणि कंपायलरने काय उत्तर दिलं.

माझ्याकडे कंपाइल नीट झालं होतं, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) अडला होता. त्या आज्ञेतला मार्ग कोंडाच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) फोल्डरचा होता. टर्मिनल उघडताच कोंडाचं बेस एन्व्हायर्न्मेंट सुरू व्हावं, अशी सेटिंग मीच ठेवली होती. त्यामुळे पाथमध्ये (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) ते फोल्डर सर्वांत पुढे आणि एमपीआयसीसी (एमपीआयसाठीची सी कंपायलरची आज्ञा) तिथला. एन्व्हायर्न्मेंट बंद केलं, 'विच' आज्ञेने एमपीआयसीसी कुठला आहे ते तपासलं, आणि कॉन्फिगर पूर्ण झालं. ही सरमिसळ फार जणांना छळते, म्हणून सुरुवात इथूनच करा.

पुढची अडचण फोरट्रान भाषेतल्या एका जुन्या पॅकेजची. एकाच फंक्शनला कुठे पूर्णांक, कुठे दशांश संख्या दिलेली. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० या कंपायलर-संचापासून त्यातला फोरट्रान कंपायलर, जीफोरट्रान, याला थेट एरर म्हणतो. 'अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा फ्लॅग दिला की ती पुन्हा वॉर्निंग होते. तो फ्लॅग त्या पॅकेजपुरताच द्या. स्वतःच्या नव्या कोडला लावला तर खऱ्या चुकाही झाकल्या जातील.

सीमेक हे बिल्डचं साधन वापरणाऱ्या लायब्ररींत आणखी एक खोच आहे. पहिल्याच वेळी सापडलेला कंपायलर कॅशमध्ये नोंदला जातो. नंतर कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारं सीसी हे व्हेरिएबल बदलून उपयोग नाही. बिल्डचं फोल्डर काढून नव्याने सुरुवात करावी लागते.

पेट्सीतही पर्याय बदलल्यावर मी आर्कचं (त्या बिल्डचं) फोल्डर काढून टाकते. मात्र त्याआधी त्यातली 'रीकॉन्फिगर' नावाची पायथन फाइल बाहेर कॉपी करून ठेवते, कारण मागच्या वेळी दिलेले सगळे पर्याय तिच्यात नोंदलेले असतात.